शून्यावर वीस

एकतीस वर्षं अण्णांनी खडकीच्या कारखान्यात
तोफगोळ्यांची तोंडं मापली.
गेज आत गेलं तर हिरवी खूण,
अडलं तर लाल.
एकही गोळा उडताना पाहिला नाही.
"पेटी बंद, ट्रक रवाना, आपलं काम संपलं,"
आमटीत भात कालवत ते सांगायचे,
जणू बटाटेच पाठवले होते कुठेतरी.

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात
खरंच बटाटे आणले, दोन किलो,
एकेक बोटांत फिरवून, कंबर मापून.
भाजीवाली वैतागली :
"काका, सोयरीक जमवताय का?"

नळी दिली मुरुगेसनकाकांनी,
तेही तिथलेच, रंगखात्यातले.
प्लास्टिकची नको, दोघं एकदमच म्हणाले,
तिच्या चकल्या मांसात शिरल्या की एक्स-रेत दिसत नाहीत.
हे कसं ठाऊक, मी विचारलं नाही.
व्हॉल्व्ह कुठल्याशा मोडीतल्या ट्रकचा.
प्रेशरचा काटा जुन्या बाजारातला,
पन्नास रुपयांत, कारण तो
शून्यावरही वीस दाखवायचा.
"वीस वजा करायचे," अण्णा म्हणाले.
"खोटं बोलतो, पण रोज तेवढंच.
अशावर विश्वास ठेवता येतो."

आधी मोरीत पाणी भरून दाब दिला.
पाणी फुटलं तर गळतं,
हवा फुटली तर सूड घेते.
एका सांध्यातून थेंब आला.
अण्णांनी खडूनं त्याच्याभोवती गोल काढला
आणि आठवडाभर नळीला हात लावला नाही.

मग चऱ्होलीला, ऊस तुटलेल्या रानात.
पंप मारायला मी.
पहिला बटाटा नळीच्या ओठापर्यंत आला
आणि थांबला,
पाऊस आहे का बघायला दारात आलेल्या माणसासारखा.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात अण्णांनी लिहिलं : लाजला.
दुसरा : तिरका.
तिसऱ्याची नुसती साल गेली.
चौथ्याला मुरुगेसनकाकांनी तमिळमध्ये काहीतरी सांगितलं,
त्यानं ऐकलं नाही.
लाल पेन संपत आलं.

सातवा.
आवाज फार नव्हता,
रिकाम्या घरात दार आपटावं तेवढाच.
बटाटा वर गेला, बोराएवढा झाला,
मग दिसेनासा.
अण्णा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते.
पार बांधाच्या बाभळीजवळ
चिमूटभर धूळ उठली.

मला पळू दिलं नाही. चालत गेले, पावलं मोजत.
चौऱ्याण्णव.
ढेकळांत एक खळगा, त्यात बटाटा,
एका कुशीवर चेपलेला.
अण्णा उकिडवे बसले.
खिशातून व्हर्नियर काढलं, खळग्याची खोली मापली,
आकडा मोठ्यानं वाचला नाही.
मग तिथं बोट घालून बसून राहिले,
ताप बघतात तसं.
"एवढासा बटाटा," म्हणाले.
बऱ्याच वेळानं :
"इकडे कुणी नव्हतं ना?"
"मी बघितलं होतं, अण्णा. दोनदा."
"तू बघितलं होतंस," ते म्हणाले. "तू बघितलं होतंस.
बरं."

आठवा भरलाच नाही.
टेम्पोत मुरुगेसनकाका पुढच्या वेळचं बोलत राहिले,
लांब नळी, रबरी वॉशर, अजून वीस पावलं.
अण्णा विश्रांतवाडीपर्यंत हूं हूं करत होते.

उरलेल्या बटाट्यांचे आईनं काप केले.
सातव्याच्या शेऱ्यात
हिरव्या पेनानं लिहिलं होतं :
पडलेली जागा पाहिली.

काटा स्वयंपाकघरात खिळ्यावर आहे,
कशालाच न जोडलेला, वीस दाखवत.
त्याच्याखाली खिडकीत
तो एक बटाटा अण्णांनी ठेवून दिला. आई रोज विचारायची, टाकू का?
दहाव्या दिवशी
चेपलेल्या बाजूच्या डोळ्यांतून
कोंब आले.